आक्का, तुमचं पान्यातलं घड्याळ

आक्का, ही तुमचीच वही हाय, माझ्या ईशीच्या झटक्याची. म्होरल्या पानावर तुमी लिवलेलं हाय, वार, किती वाजले, किती मिनिटं, कोनता हात आधी हालला, समदं बराबर रांगंत. मी मागच्या पानापासून लिवून राहिले. मला कसं लिवता येतं ते तुमाला ठाव हाय, सातवीत शाळा सुटली, काना कुठं आन मात्रा कुठं. चुकंल तिथं चुकंल. आता कोन लाल पेन घेऊन बसनार हाय माझ्यावर.

काल तुमचं तेरावं झालं. हट्टा गावच्या बाया आल्या, शिरडच्या आल्या, ओसरीवर पाय ठिवायला जागा न्हाई, आन समद्याच्या तोंडात तुमीच. थोरली म्हंजे घराचा खांब. थोरलीनं कवा कोनाला उलटून बोललं न्हाई. थोरली गेली, आता ह्या घराचं कसं. मी तिथंच व्हते आक्का, वरनाची बादली घेऊन वाढून राहिले व्हते, तुमची धाकटी जाऊ, ह्याच घरची सून. एकीनं तरी म्हनावं का धाकटी हाय अजून. न्हाई. एक म्हातारी तर माझ्याच ताटापाशी म्हनली, "हिला काय येतं? थोरलीच्या जीवावर लेकरू वाढलं हिचं." डोळ्यातून पानी चाललं व्हतं आन पोटात आग, दोनी एकदमच. मेलेल्या मानसाचा हेवा कोन करतं? मी करते. तुमी जित्त्या व्हत्या तवा भांडता तरी येत व्हतं. आता तुमी अशा जागी जाऊन बसल्या का तुमाला कोनी नाव ठिवनार न्हाई, आन मी इथं रोज चुकत राहनार.

घड्याळ मधल्या खोलीत फळीवर हाय, रुमालात बांधून. दवाखान्यातल्या सिस्टरनं तुमच्या हातातून काढून पिशवीत घालून दिलं, तवा ते चालू व्हतं. तुमी गार आन ते चालू. घरी आनलं तरी चालू. राख सावडून आलो तवा थांबलेलं, तीनला दहा कमी. तुमीच तर सांगितलं व्हतं, ह्यात सेल न्हाई, हे हाताच्या हालन्यावर चालतं, हात थांबला तरी भरलेलं दीड-पावनेदोन दिवस पुरतं. म्हंजे तुमी गेल्यावर बी जे चाललं ते तुमच्याच हातानं भरलेलं. हे मी बोलून बसले आन तुमच्या प्राजूनं ऐकलं. नांदेडच्या हॉस्टेलवरून आल्यापासून ती पोरगी रडली न्हाई, पर ते ऐकून रडली. घड्याळ उचललं, हळूच, जसं काही भरलेला गिलास उचलावा, आन रुमालात बांधलं. म्हनली, "काकू, ह्याला कोनीच हात लावायचा न्हाई. मम्मीच्या हातानं चाललं तेवढं चाललं. आता हालवलं तर दुसऱ्याच्या हातानं चालंल." सासूबाई म्हनल्या लेकीचा हक्क हाय. व्हय, हाय. सतरा वर्साची पोर, आई गेलेली, तिला मी काय बोलू. उद्या सकाळच्या गाडीनं ती घेऊन जानार.

आन ईशीला झटका आला तर मी काय बघून मोजू?

ईशीचे पप्पा म्हनतात दुसरं आनू, त्यात काय. मी म्हनलं आना. पर आक्का, तुमाला खोटं कशाला सांगू, मला दुसरं नको. भेव तर हायच, तुमी गेल्यापासून मी नीट जेवले न्हाई, ईशीच्या तोंडाकडं बघत बसते, तिनं पापनी जरी जास्त हालवली तरी माझं काळीज उडतं. पर निस्तं भेव असतं तर कोनतं बी घड्याळ चाललं असतं. मला तुमच्या हातातलंच पायजे. पयल्या दिवसापासून पायजे व्हतं.

पयला झटका तुमाला आठवतो ना. ईशी दीड वर्साची, भाकरीचा तुकडा हातात, आन एकदम डोळे वर. मी वरडत अंगनात पळाले. लेकरू टाकून पळाले आक्का, आई असून. सासूबाई चप्पल घेऊन आल्या हुंगवायला. तुमी खाली बसल्या, तिला कुशीवर घेतलं, तोंडातला तुकडा बोटानं काढला आन म्हनल्या, "चप्पल ठिवा आत्या, तिला हवा लागू द्या." दवाखान्यात डॉक्टर बोलले ते तुमच्याकडं बघून. ईशी माझ्या मांडीवर, आन ते तुमाला सांगून राहिले, का पाच मिनिटाच्या आत थांबला तर काही करू नका, तोंडात काही घालू नका, निस्तं कुशीवर घ्या. पाच मिनिटं झाले तर हा फवारा नाकात मारायचा आन गाडी काढायची. तुमी मान हालवत व्हत्या. बारावी शिकलेल्या. मी मान हालवली तर कोनी बघितलं न्हाई.

दुसरा झटका आला तवा घरी मी एकली. मी फवारा मारला. मला वाटलं धा मिनिटं झाले, आईची आन धा झाले. पर शेजारची शांताबाई म्हनली मी तुझं वरडनं ऐकून दारातून नळापाशी आले तवर तू मारला बी व्हता. लेकरू दिवसभर फडक्यासारखं पडून. डॉक्टरनं इचारलं घड्याळ बघितलं का, मी म्हनलं बघितलं. खोटं. परत येताना जीपमधी तुमी माझ्या मांडीवर हात ठिवला आन म्हनल्या, "भेलेल्या मानसाचं मिनिट लई लांब असतं गं वैशू. घड्याळाला भेव वाटत न्हाई. आपल्याला एक घड्याळ पायजे."

आपल्याला म्हनल्या तुमी. मी त्या शब्दावर किती दिवस जगले.

सासूबाई म्हनल्या, "घरात तीन मोबाईल हायेत की!"

"हायेत की," तुमी म्हनल्या. "एक रानात, एक चार्जिंगला, एक ईशीच्या गान्यात. आन वल्या हातानं बोट लावलं तर उघडत न्हाई. आपले हात कोरडे असतात कवा? भांडे, धुनं, म्हशी. हातातलं पायजे, आन पान्यातलं पायजे."

मग पंधरा दिवस तुमी मोबाईलवर तेच बघून राहिल्या. भाकरी थापता थापता मोबाईल डब्याला टेकवून. पान्यात बुडी मारनाऱ्या लोकाचं घड्याळ. सासूबाई दादाला म्हनल्या, "बघ रं, तुझी बायको हिरीत उतरायची तयारी करून राहिली." मी हासले. मला वाटलं आता तुमची फजिती व्हनार. मला लई वाटत व्हतं तुमची कवा तरी फजिती व्हावी.

वसमतच्या त्या दुकानात आपन दोघी आन ईशी. दुकानदारानं आधी सोनेरी काढलं, बारीक साखळीचं, आत खडे. माझी नजर तिथंच बसली. तुमी इचारलं, "पान्यात चालंल का?"

"चालंल की वैनी, हे बघा लिवलंय, तीस मीटर."

"तीस म्हंजे हात धुताना चार थेंब उडाले तर. मला ठाव हाय. शंभरच्या खालचं दाखवूच नका, दोनशेचं असंल तर काढा."

तो हासला. "दोनशे मीटर? जिल्ह्यात तेवढं पानी हाय का वैनी?"

"पानी न्हाई, बाया हायेत. दादा, आमचे हात दिवसभर पान्यातून निघत न्हाईत. तुमच्या गडीमानसाचं घड्याळ पावसात भिजलं तर लई झालं."

दुकानातले दोघं-तिघं हासले. मीबी हासले, आन हासता हासता जळले, का मला असं बोलता काहून येत न्हाई.

त्यानं एक काढलं. काचंभवतीचं कडं तुमी फिरवून बघितलं, फिरेना, निस्तं शोभेचं. "हे ठिवा." दुसऱ्याचं कडं दोनी बाजूनं फिरलं. "हे बी ठिवा." दुकानदार म्हनला, "वैनी, दोनी बाजूनं फिरतं ते चांगलं न्हाई का?" तुमी म्हनल्या न्हाई. तिसऱ्याचं कट कट कट करून एकाच बाजूनं फिरलं. तुमी मला दाखवलं, तवा मी रुसले व्हते तरी बघितलं. कड्यावरचा त्रिकोन मोठ्या काट्याशी आनून ठिवायचा, मग काटा त्रिकोनापासून किती लांब गेला तेवढे मिनिटं झाले. आन म्हनल्या, "धक्का लागून फिरलं तर झालेला टाइम जास्त दाखवंल, कमी कवाच दाखवनार न्हाई. पान्याखालचा मानूस घाबरून लवकर वर येईल, पर खाली राहनार न्हाई. चुकलं तरी जीवाच्या बाजूनं चुकतं."

सेलचं त्यानं दाखवलं, स्वस्त व्हतं. तुमी म्हनल्या सेल बदलायला दर वेळी पाठ उघडावी लागते आन आतलं रबर नीट बसलं न्हाई तर मग दोनशे काय आन वीस काय. म्हनून हे हाताच्या हालन्याचं. काटे लावायची बाजूची चावी बी पेचाची, फिरवून घट्ट आटून बसवायची. काच खरवडून बघितली, त्याच्या देखत, बांगडीनं, तो "अवो वैनी" म्हनला. पट्टा लोखंडी नको, लेकराचे केस अडकतात, काळा रबरी द्या. नावाजलेल्या कंपनीचं न्हाई, एका चांगल्या शेळीच्या भावाचं. मी म्हनलं, "दिसायला गड्याचं दिसतंय." तुमी म्हनल्या, "दिसायला कुठं घेऊन राहिलो."

आन मग आक्का. ईशी माझ्या कडंवर व्हती आन मी डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवून ठिवल्या व्हत्या. दुकानातच. मनगट मोकळं करून. माझ्या लेकराचं घड्याळ, मला वाटलं माझ्याच हातात बांधनार. तुमी तुमच्या हातात बांधलं, तिसऱ्या भोकात, आन म्हनल्या, "बराबर बसलं." मी बांगड्या खाली सोडल्या. तुमी बघितलं का न्हाई ते मला कवाच कळलं न्हाई.

त्या दिवसापासून झटका आला का घरात समदे "आक्काला बोलवा" म्हनायचे. मी तिथं असले तरी. ईशीनं मला "आई" म्हनायच्या आधी तुमाला "कक्का" म्हनलं. तुमी तिला दुपारी गोधडीत घेऊन बसायच्या, वरून पांघरून घ्यायच्या, आन आत घड्याळाचे काटे हिरवे चमकायचे, आन ती खिदळायची. मी बाहेर कपड्याच्या घड्या घालत ऐकायची. "कक्का, आनी, आनी." एकदा मी गोधडीत डोकं घातलं तर उजेड आत गेला आन चमकनं बंद झालं. ईशी रडली. तुमी म्हनल्या, "ये ना, आत ये, पांघरून घे." मी म्हनलं मला कामं हायेत.

आता ते सांगते जे कोनालाच सांगितलं न्हाई.

हळद शिजवायचं मशीन रानात आलं व्हतं. दुकानदारानं सांगितलं व्हतं हे पान्याला भेत न्हाई पर वाफंला भेतं, म्हनून तुमी घड्याळ काढून मला दिलं. "ईशीसाठी जवळ ठिव. घालू नको, सैल हाय तुला, पडंल." घालू नको म्हनल्या तिथंच माझं डोकं गेलं. तुमी येशीपर्यंत गेल्या नसाल, मी घातलं. मोबाईलशी लावून बघितलं तर दोन मिनिटं म्होरं. मला वाटलं बघा, हुशार बाईचं घड्याळ म्होरं पळतं. मी चावी फिरवून सैल केली, वढली, काटा मागं घेतला, चावी दाबली. भिंतीवरच्या घड्याळाची असते तशीच ही असं मला वाटलं, दाबली का झालं. पेच आटायचा असतो हे मला दुकानात तुमी सांगितलं व्हतं, पर मी तवा त्या सोनेरी घड्याळाकडं बघत व्हते. मग शांताबाईला दाखवलं, "पान्यातलं हाय, दोनशे मीटर," आन तिच्या म्होरं हौदावर दोन बादल्या धुनं धुतलं, हात मुद्दाम खोल घालून.

सांजच्याला काचंखाली आतून वाफ, जशी आरशावर फुंकर मारावी. मी पुसलं, बाहेरून पुसून काय व्हतं. फळीवर ठिवून दिलं. तुमी आल्या कोपरापर्यंत पिवळ्या, घड्याळ उचललं, बघितलं. चावीला बोट लावलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. सासूबाईला म्हनल्या, "आत्या, सकाळी घालूनच गेले व्हते जरा वेळ, वाफ लागली वाटतं. माझीच चूक."

सासूबाई तुमाला बोलल्या. पयल्यांदा. "शेळीचा भाव घातला आन अक्कल न्हाई घातली." तुमी खाली मान घालून हात घासून राहिल्या. आन आक्का, मला गोड वाटलं. गुळासारखं गोड. मी चुलीम्होरं बसून त्या गोडीत भाकरी भाजली.

नांदेडहून दुरुस्त व्हऊन आलं आठ दिवसानं. त्यानंतर तुमचं एक नवीनच सुरू झालं. रोज सकाळी हात म्होरं करायचा, "वैशू, चावी आटलेली हाय का बघ बरं, माझे हात हळदीचे हायेत." हळद सरली तर कनकीचे हायेत. कनीक न्हाई तर शेनाचे. भात टाकला का, "वैशू, कडं फिरव गं, वीस मिनिटं झाले का सांग." कवा म्हशीच्या धारंला, कवा चहाला. मी तुमचं मनगट धरायची, कट कट फिरवायची आन मनात म्हनायची, घड्याळ हिचं आन चाकरी माझी. तुमी गेल्यावर, परवा, पीठ मळता मळता एकदम माझे हात थांबले. तुमाला दोन हात व्हते आक्का. उजवा हात रिकामा असला तरी तुमी मलाच बोलवायच्या.

मला तवा कळलं असतं तर मी तसं बोलले नसते. ते भांडन. ईशीला झटका आला, तीन मिनिटात गेला, तुमी मोजलं, वहीत लिवलं, आन सासूबाई म्हनल्या "थोरलीमुळं वाचलं लेकरू." मी फाटले. म्हनलं, "माझ्या लेकराचे मिनिटं तुमी मोजायचे आन मी निस्तं रडायचं का? बांधा की माझ्या हातात!"

तुमी म्हनल्या, "देनारच हाय."

"कवा?"

"तुला रडता रडता मोजता येईल तवा."

चार दिवस मी बोलले न्हाई. पाचव्या दिवशी तुमाला ताप आला, निस्ता ताप, गोळी घेतली, मग पेशी कमी झाल्या म्हनले, मग गाडी आनली. गाडीत बसताना तुमी हात म्होरं केला. मी ईशीला घेऊन दारात. मला वाटलं तुमी ईशीला हात लावून राहिल्या, आन माझ्या मनात अजून राग, मी ईशीला मागं घेतलं. एवढंसं. पाऊलभर. तुमी हात तसाच ठिवला जरा वेळ, मग दार लागलं.

तो डावा हात व्हता आक्का. घड्याळाचा. तुमी ईशीला बोलवत व्हत्या का चावी बघ म्हनत व्हत्या का

.

आक्का. मधी उठले व्हते. अक्षर बघू नका.

आला. झटका, मघाशी दुपारचा. ईशी चटईवर पळी घेऊन बसली व्हती, पळी वाजायची थांबली म्हनून मी मान वर केली. डोळे वर गेलेले. मी वरडले, "आक्का, ये गं!" तुमाला कवा अगं-तुगं केलं न्हाई, आज तोंडातून तेच निघालं. कोन येनार. सासूबाई चप्पल घ्यायला पळाल्या. मी म्हनलं, "चप्पल ठिवा! तिला कुशीवर घ्या, मी आले." माझा आवाज असा निघाला का त्यायनी खरंच ठिवली.

मी मधल्या खोलीत. फळी. रुमालाची गाठ सुटंना, दातानं सोडली. प्राजू बॅग भरत व्हती, "काकू, न्हाई! काकू, हात लावू नका म्हनलं व्हतं ना!" तिनं माझा पदर धरला. मी वढला. पळता पळता हालवलं, एकदा, दोनदा, आन बारीक काटा निघाला. तीनला दहा कमी वरून निघाला, मला काय, मला खरा टाइम नको व्हता. कडं कट कट कट. त्रिकोन मोठ्या काट्याशी. माझ्या बोटाला ठाव व्हतं समदं. डोक्याला न्हाई, बोटाला.

एक मिनिट. मला वाटलं धा झाले. काटा म्हनला एक. फवारा हातात व्हता, टोपन काढलेलं, आन समदं अंग म्हनत व्हतं मार, मार. दोन. उजवा हात आधी हालून राहिला, मी ते ध्यानात ठिवलं, तुमी लिवायच्या म्हनून. तीन. ओठ निळसर. सासूबाई नामदेवाला नवस बोलल्या. माझ्या डोळ्यातून पानी काचंवर पडून राहिलं, मी पदरानं पुसायची आन बघायची. चार. त्रिकोनापासून चार आन वर जरा. मी फवारा नाकापाशी नेला आन तिथंच धरला. आन तिची मूठ सुटली. आधी मूठ, मग खांदा, मग एक लांब श्वास, घोरल्यासारखा.

फवारा मारला न्हाई आक्का. टोपन लावलं.

ती झोपली तवा मला प्राजू दिसली, दारात. मी घड्याळ तिच्या म्होरं धरलं. "घे बाई. मी तुझ्या आईचं थांबलेलं घालवलं. मला माफ करू नको, पर घे." तिनं घेतलं. कानाला लावलं. लई वेळ लावलं. मग तिनं इचारलं, "किती मिनिटं?"

"चार. साडेचार धर."

"मम्मी कशी मोजायची? अशीच?"

"न्हाई, त्या रडायच्या न्हाईत."

प्राजू म्हनली, "रडायची काकू. मला फोन करून रडायची. ईशीला झटका आला त्या रात्री हमेशा. मला म्हनायची वैशूला सांगू नको, तिला वाटतं मी भेत न्हाई."

एवढे दिवस मी कशाचा हेवा केला मग. आन खरं सांगू का, तवाबी आतून एक कळ आलीच, का रडल्या तर मला सोडून लेकीपाशी काहून रडल्या. मी भिंतीपल्याड तर व्हते.

प्राजूनं चावी तपासली. मग म्हनली, "मी दिवसभर पुस्तक घेऊन बसते काकू, हात हालतच न्हाई माझा. हे माझ्यापाशी रोज थांबंल. एकदा थांबलेलं बघितलं, पुरे झालं." आन पट्टा माझ्या मनगटाला लावला. मी बांगड्या वर सरकवल्या. तिसरं भोक तुमच्या वापरानं लांबट झालंय, कडंला हळद बसलेली अजून. तिनं पाचव्या भोकात घालायला बघितलं. मी म्हनलं राहू दे, तिसऱ्यातच घाल. सैल हाय, हात खाली केला का पंज्यावर येतं. वर सरकवते.

घंटाभरानं ईशी उठली. डोळे जड, तोंडाला लाळ. मी उचललं तर माझ्या तोंडाकडं न बघता मनगटाकडं बघितलं आन म्हनली, "कक्का."

आईला बघून न्हाई, आक्का. घड्याळाला बघून. पोटात तेच उठलं, जुनं, ओळखीचं. तोंडापर्यंत आलं व्हतं, आई म्हन, मी आई हाय. मग मी गोधडी घेतली आन आमी दोघी आत गेलो, पांघरून घेतलं चारी बाजूनं. चमकून राहिलं व्हतं. मी म्हनलं, "व्हय. कक्का."

म्होरल्या पानावर तुमच्या रांगंखाली लिवलं. दुपार. साडेचार मिनिटं. आधी उजवा हात. फवारा न्हाई. टाइम लिवला न्हाई, घड्याळात चुकीचा व्हता. आता मोबाईलशी लावला हाय, दोन मिनिटं म्होरंच ठिवला, तुमच्यासारखा.

आन हळदीच्या त्या दिवशी चावी मीच उघडी ठिवली व्हती, आक्का. हे तुमाला ठाव हाय, पर मी सांगितलं नव्हतं.

आता आटली. दोनदा बघितली. भांडे पडलेत, जाते.